दोन रिमोट, एक विमान

मुलाने रिमोटवर उडणारे विमान किंवा ड्रोन मागितला की आपल्या घरांतून बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक, "ते आपल्यासारख्यांचे काम नाही." दुसरे, "घेऊन देतो, पण मोडलेस तर बघ!" पहिल्या उत्तराने मुलाची जिज्ञासा तिथेच विझते. दुसऱ्या उत्तराने विमान हाती येते, पण हात थरथरू लागतात. थरथरत्या हातांनी उडवलेले विमान पहिल्या पाच मिनिटांत जमिनीवर येते, पंख मोडतो, बाप संतापतो, आई तुकडे गोळा करून माळ्यावर टाकते आणि पहिलेच उत्तर खरे होते असे सर्वांना वाटू लागते.

या दोन उत्तरांच्या मधला एक तिसरा मार्ग आहे. दोन रिमोट एकमेकांना जोडायचे, एक शिक्षकाच्या हातात, दुसरा विद्यार्थ्याच्या हातात, आणि दोघांनी मिळून एकच विमान उडवायचे. विद्यार्थी चुकला तर शिक्षक क्षणात विमान आपल्या ताब्यात घेतो. विमान वाचते, पैसे वाचतात आणि मुख्य म्हणजे मुलाची हिंमत वाचते. जगभरचे मॉडेल विमाने उडवणारे लोक अनेक वर्षांपासून याच पद्धतीने शिकत आणि शिकवत आले आहेत. आज या सदरात आम्ही तिचीच माहिती देत आहोत.

हा विषय फलटणकरांना दूरचा वाटू नये. तीसेक किलोमीटरवर बारामतीची धावपट्टी आहे आणि तेथे वैमानिक घडवणाऱ्या संस्था काम करीत आल्या आहेत. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर आपल्या तालुक्यात ऊस उभा राहतो. तो डोक्याच्या वर गेला की पाठीवर पंप घेऊन आत शिरणे कठीण होते. पाने अंगाला कापतात, औषध नाकातोंडात जाते, आणि हे काम करणारे हात बहुतेक वेळा आपल्याच घरांतले असतात. त्या ठिकाणी आता ड्रोन आले आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. २०२३-२४ ते २०२५-२६ या काळात महिलांच्या १५,००० बचत गटांना शेतीसाठी ड्रोन देण्याची ही योजना, तिच्यासाठी १,२६१ कोटी रुपयांची तरतूद. म्हणजे उडते यंत्र चालवणे हा आता केवळ श्रीमंतांच्या मुलांचा खेळ राहिलेला नाही, तो रोजगाराचा विषय झाला आहे. पाठीवरचा पंप ज्यांच्या वाट्याला आला, त्यांच्याच मुलामुलींच्या हाती ड्रोनचा रिमोट यावा असे वाटत असेल, तर शिकण्याची रीत आधी नीट समजून घेतली पाहिजे.

शिकवणारा शेजारी का बसतो?

मोटार ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आपण पाहिली असेल. शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो. ती मालकाची हौस नसते, कायद्याची अट असते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, मोटारसायकल सोडली तर, शिकवणीच्या गाडीला अशी दुहेरी व्यवस्था असावी लागते. शिकणारा घाबरून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबील, हे गृहीतच धरलेले आहे.

विमानात ही गोष्ट रुजायला पहिले महायुद्ध यावे लागले. त्या काळात शिकाऊ वैमानिक शिकतानाच मोठ्या संख्येने मरत. इंग्लंडमधील गॉसपोर्ट येथे १९१७ साली रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने शिकवण्याची तऱ्हाच बदलली. अ‍ॅव्हरो ५०४ या दोन आसनी विमानात शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनाही चालवण्याची साधने दिली आणि इंजिनाच्या आवाजातही बोलणे ऐकू यावे म्हणून दोघांमध्ये बोलण्याची नळी बसवली. त्याचे म्हणणे असे, की विद्यार्थ्याला धोक्यापासून लपवून ठेवू नका. विमान कशाने बिघडते आणि बिघडले तर सावरायचे कसे, हे शिक्षक सोबत असतानाच त्याला करू द्या. ही पद्धत पुढे जगभर गेली. पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये दोन आसनी ग्लायडरवर शिकवतात, त्यातही हाच विचार आहे.

रिमोटच्या विमानात मात्र अडचण वेगळी. त्यात कोणीच बसत नाही. शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही मैदानावर उभे, आणि रिमोट एकच. पूर्वी विद्यार्थी चुकला की शिक्षक त्याच्या हातातून रिमोट हिसकावून घेई. आता हिशेब करा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे विमान एका सेकंदात ११ मीटर जाते. रिमोट हिसकावणे, बोटे नीट बसवणे, विमान कोणत्या बाजूला कलले आहे ते पाहणे, यात दोन सेकंद गेले तर विमान २२ मीटर गेले. ते जमिनीकडे तोंड करून निघाले असेल तर गोळा करायला पिशवी आणावी लागते. म्हणून दुसरा रिमोट आला.

जोडणी चालते कशी

एक प्रश्न येथे कोणीही विचारील. दोन रिमोट आहेत, तर दोघांनी एकाच वेळी विमानाला हुकूम सोडले तर काय बिघडते? जुन्या पद्धतीच्या संचांत दोन्ही रिमोट एकाच लहरीवर बोलू लागले, तर विमानातील रिसीव्हरला एकाचेही धड ऐकू येत नसे आणि विमान बेताल होई. आजचे २.४ गिगाहर्ट्झचे रिसीव्हर आपल्या रिमोटची ओळख लक्षात ठेवतात आणि फक्त त्याचेच ऐकतात. दुसऱ्या रिमोटला ते दाद देत नाहीत. याचा अर्थ असा, की विमानाशी बोलणारा रिमोट एकच असला पाहिजे. तो असतो शिक्षकाचा.

विद्यार्थ्याचा रिमोट विमानाशी बोलतच नाही. तो एका केबलमधून शिक्षकाच्या रिमोटशी बोलतो. "माझी डावी दांडी एवढी पुढे आहे, उजवी एवढी आडवी आहे," एवढाच निरोप तो पाठवतो. हा निरोप जातो विजेच्या ठोक्यांच्या रूपात. एका सेकंदाचे हजार भाग करा. दांडी मधोमध असेल तर तिचा ठोका साधारण दीड भागाचा, एका टोकाला असेल तर एक भागाचा, दुसऱ्या टोकाला असेल तर दोन भागांचा. सर्व दांड्यांचे ठोके एकापाठोपाठ एक जातात, मग थोडा विराम, आणि पुन्हा पहिल्यापासून. एका सेकंदात असे जवळपास पन्नास फेरे होतात. त्यामुळे विद्यार्थ्याने बोट हलवले की विमान लगेच हलते. मध्ये दुसरा रिमोट आहे हे त्याला जाणवतही नाही.

शिक्षकाच्या रिमोटवर एक स्प्रिंगचे बटण असते. ते दाबून धरले की शिक्षकाच्या स्वतःच्या दांड्या बाजूला राहतात आणि विद्यार्थ्याचा निरोप विमानाकडे जातो. बटण सोडले की त्याच क्षणी विमान पुन्हा शिक्षकाचे. ही रचना मुद्दाम अशी केलेली आहे. धरून ठेवण्याचे कष्ट विमान देण्यासाठी आहेत, परत घेण्यासाठी काहीच करावे लागत नाही. नुसते बोट सैल सोडायचे. शिक्षक दचकला, केबल निसटली, विद्यार्थ्याच्या हातून रिमोट पडला, तरी बोट उचलले की काम झाले.

जुन्या माहितीपुस्तिकांतून या दोन रिमोटना 'मास्टर' आणि 'स्लेव्ह', म्हणजे धनी आणि गुलाम, अशी नावे आहेत. ती नावे आपण उच्चारण्याचे कारण नाही. शिक्षकाचा रिमोट आणि विद्यार्थ्याचा रिमोट म्हणावे. काम तेच आहे आणि नातेही तेच आहे. विद्यार्थ्याच्या रिमोटला 'बडी बॉक्स', म्हणजे सोबत्याची पेटी, असेही म्हणतात. हे नाव आम्हांला अधिक आवडते.

जोडताना घ्यायची काळजी

दोन्ही रिमोट एकाच कंपनीचे असतील तर काम सोपे. वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर डोके शांत ठेवून चार गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, केबलचे तोंड. फुटाबाच्या जुन्या रिमोटना सहा पिनांचे गोल तोंड असे, पुढे चौकोनी आले. जेआर आणि स्पेक्ट्रम यांच्या अनेक रिमोटना इअरफोनसारखी साडेतीन मिलिमीटरची पिन चालते. दोन्ही टोके ज्याला त्याला बसतील अशी केबल हवी. नव्या संचांपैकी काहींत केबलशिवाय, हवेतून जोडणी होते. दोघांना मोकळेपणाने उभे राहता येते, पण नवशिक्यांनी आधी केबलनेच शिकावे असे आमचे मत आहे. केबल डोळ्यांना दिसते, आणि जोडणी आहे की नाही याचा वाद राहत नाही.

दुसरी, निरोपांचा क्रम. फुटाबाच्या पद्धतीत पहिला ठोका एलेरॉनचा, म्हणजे पंखांवरच्या फळ्यांचा. मग एलिव्हेटर, थ्रॉटल आणि रडर. जेआर-स्पेक्ट्रमच्या पद्धतीत पहिला ठोका थ्रॉटलचा, म्हणजे मोटारीच्या वेगाचा. हे दोन तसेच जोडले तर विद्यार्थी मोटारीचा वेग वाढवायला जाईल आणि विमान एका अंगावर कलंडेल. आजच्या बऱ्याच रिमोटमध्ये हा क्रम बदलून घेता येतो.

तिसरी, दिशा आणि मध्यबिंदू. विद्यार्थ्याने दांडी उजवीकडे नेली तर विमानाच्या फळ्याही उजवीकडच्या वळणासाठीच हलल्या पाहिजेत. दोघांच्या दांड्या मोकळ्या सोडल्या असता फळ्या एकाच जागी राहिल्या पाहिजेत. तसे नसेल तर बटण दाबताच विमान झटका देते आणि मुलाला वाटते, चूक आपलीच झाली.

चौथी, दांड्यांची मांडणी. काही रिमोटमध्ये मोटारीच्या वेगाची दांडी डाव्या हाताला, काहींत उजव्या हाताला. शिक्षक एका पद्धतीचा आणि विद्यार्थी दुसऱ्या पद्धतीचा असला तरी जोडणी होऊ शकते, परंतु मुलाने पहिल्या दिवसापासून एकच पद्धत धरावी. ज्या रिमोटवर पुढे काम करायचे, त्याचीच सवय लावावी.

हे सर्व तपासायचे ते जमिनीवर, आणि पंखा काढून ठेवून. हे वाक्य पालकांनी दोनदा वाचावे. मोटारीवरचा पंखा लहान दिसतो, पण बोट फाडायला पुरेसा असतो. बॅटरीही तशीच जपावी लागते. या विमानांतील लिथियम-पॉलिमर बॅटरी तिच्याच चार्जरवर, डोळ्यांसमोर, गादी-पडद्यांपासून दूर ठेवून चार्ज करावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. रात्री चार्जिंगला लावून झोपून जाण्याची मोबाईलची सवय येथे मुळीच चालणार नाही.

मैदानावरची शिकवणी

शिकण्यासाठी वरच्या बाजूला पंख असलेले, हलके, फोमचे विमान घ्यावे. त्याचे पंख किंचित वर उचललेले असतात, त्यामुळे ते कलले तरी आपोआप सरळ होऊ पाहते. उड्डाण शिक्षकाने करावे, चांगली उंची गाठावी, विमान सरळ आणि स्थिर करावे आणि मगच विद्यार्थ्याच्या हाती द्यावे. उंची ही येथे बचतीसारखी असते. चूक झाली तर ती खर्च करून सावरता येते, म्हणून शिल्लक नसताना प्रयोग करू नयेत.

देण्याघेण्याचे शब्द ठरलेले असावेत. शिक्षक म्हणेल, "तुझ्याकडे." विद्यार्थी म्हणेल, "माझ्याकडे." मग शिक्षकाने बटण दाबावे. परत घेताना आधी बोट उचलावे आणि मग सांगावे, "माझ्याकडे." मोठ्या विमानांतही वैमानिक एकमेकांना असेच मोठ्याने सांगून ताबा देतात. विमान कोणाच्या हातात आहे याविषयी क्षणभरही शंका राहिली तर दोघेही दुसऱ्यावर विसंबतात.

नव्या रिमोटमध्ये आणखी एक सोय असते. शिक्षक सर्व दांड्या एकदम न देता एकेक देऊ शकतो. पहिल्या दिवशी फक्त डावे-उजवे वळण विद्यार्थ्याकडे, वर-खाली आणि वेग शिक्षकाकडे. ते जमले की वर-खाली. मग वेग. सरळ रेषेत जाणे, मोठी वळणे, मग इंग्रजी आठाचा आकडा, असा क्रम ठेवावा. विमान उतरवणे सर्वांत शेवटी, कारण तेथे उंचीची शिल्लक उरलेली नसते.

मुलांना सर्वांत जास्त कशाने चकवले जाते हे पालकांना माहीत असावे. विमान आपल्यापासून दूर जात असते तेव्हा त्याचे उजवे आणि आपले उजवे एकच. ते वळून आपल्याकडे तोंड करून आले की उलटे होते. समोरच्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो, तसेच. मुलगा हुशार असो की साधा, येथे तो गोंधळतोच. ही बुद्धीची कमतरता नव्हे, सरावाचा प्रश्न आहे. शाळेच्या संगणकावर सिम्युलेटर असेल, तर हा सराव एक रुपयाही न घालवता होतो. तेथे विमान शंभर वेळा पडले तरी काही मोडत नाही.

आणि आता शिक्षकाच्या बोटाविषयी. बटण सोडायचे केव्हा, हे या विद्येतले सर्वांत अवघड काम आहे. विमान जरा वाकडे झाले की लगेच ताबा घेणारा शिक्षक विद्यार्थ्याला काहीच शिकू देत नाही. मुलाला वाटत राहते, की सावरणारा दुसराच आहे, आपल्याला सावरता येतच नाही. फार उशीर करणारा विमान गमावतो. चांगला शिक्षक चूक होऊ देतो, मुलाने ती ओळखावी म्हणून एक-दोन श्वास थांबतो, तोंडाने सुचवतो, आणि सावरायला पुरेशी उंची उरली नाही असे दिसले तरच बोट उचलतो. सावरून झाल्यावर रागावत बसत नाही, विमान पुन्हा वर नेतो आणि पुन्हा म्हणतो, "तुझ्याकडे."

ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांची मुले चार विमाने मोडून शिकू शकतात. आपल्या मुलाला एकच विमान आहे, आणि तेही कदाचित दहा मुलांत मिळून. त्याच्या चुकीची किंमत जास्त, म्हणून त्याची भीती जास्त, आणि भीती जास्त म्हणून चुका जास्त. हा फेरा त्या एका केबलने तुटतो. गरिबाच्या मुलाला चुका करण्याची मुभा मिळणे, ही गोष्ट दिसते तेवढी लहान नाही.

ड्रोनच्या बाबतीत

चार किंवा सहा पंख्यांचा ड्रोन शिकायला विमानापेक्षा सोपा दिसतो. उपग्रहाच्या मदतीने तो हवेत एका जागी उभा राहतो, दांड्या सोडल्या तरी पडत नाही. यामुळेच फसगत होते. उपग्रहाचा संकेत गेला की तो वाऱ्याबरोबर वाहू लागतो, आणि ज्याने फक्त यंत्राच्या भरवशावर शिकलेले असते त्याचे हात त्या वेळी रिकामे पडतात. फवारणीच्या ड्रोनमध्ये दहा लीटर औषध भरले तर जवळपास दहा किलो वजन वाढते. ते हिंदकळते, आणि फवारणी होत जाईल तसे कमीही होते. त्यात शेतातून गेलेल्या विजेच्या तारा, बांधावरची झाडे, पावसाळी वारा. असे यंत्र एकट्याच्या हाती पहिल्याच दिवशी देणे म्हणजे त्याला आणि शेजारच्या शेतात खुरपणाऱ्या बाईला दोघांनाही धोक्यात घालणे होय. म्हणून ड्रोनच्या शिकवणीतही दोन जोडलेल्या रिमोटची पद्धत वापरतात, आणि ती वापरली जाते की नाही, हे प्रवेश घेण्यापूर्वी विचारणे हा आपला हक्क आहे.

आमच्या बहिणींना आम्ही मुद्दाम सांगतो. ड्रोन दीदी योजनेत गटातील एका सदस्येला १५ दिवसांचे प्रशिक्षण ठरवलेले आहे. त्यात ५ दिवस ड्रोन चालवण्याचे आणि १० दिवस शेतीतील वापराचे. ड्रोन आणि साहित्याच्या किमतीच्या ८० टक्के, पण जास्तीत जास्त ८ लाख रुपये, एवढे साहाय्य त्यात धरले होते. कागदावर पाच दिवस म्हटले तरी प्रत्यक्ष दांड्या आपल्या हातात किती मिनिटे येतात, तेच खरे शिक्षण. वीस जणींच्या रांगेत उभे राहून एकदा हात लावून येणे, आणि प्रमाणपत्र घेऊन घरी परतणे, याला शिकणे म्हणत नाहीत.

कायदा आणि प्रमाणपत्र

देशात २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम प्रसिद्ध झाले. त्यांतील सर्वसामान्यांच्या उपयोगाच्या गोष्टी अशा. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला, तसेच धंद्यासाठी नसलेल्या २ किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. त्यावरच्या वजनासाठी किंवा कमाईसाठी मायक्रो ड्रोन चालवायचा तर ते लागते. वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेतून प्रशिक्षण, या मुख्य अटी. प्रमाणपत्र १० वर्षे चालते. पूर्वी पासपोर्ट नसल्याने अनेकांचे अडत असे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा वाहन परवाना चालू शकतो. पासपोर्टच्या नावाखाली कोणी जादा पैसे मागत असेल तर हे त्याला दाखवावे.

आकाशाचेही हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग पाडलेले आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. आपले मैदान कोणत्या भागात येते, हे सरकारच्या डिजिटल नकाशावर आधी पाहून घ्यावे. धावपट्टीच्या बाजूला आणि लोकांच्या डोक्यावर तर मुळीच उडवू नये.

गावोगावी 'ड्रोन कोर्स'च्या पाट्या लागल्या आहेत. त्यांतली प्रत्येक संस्था मान्यताप्राप्त असतेच असे नाही. फी भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. महासंचालनालयाची मान्यता आहे काय? एका शिक्षकामागे विद्यार्थी किती? जोडलेल्या दोन रिमोटवर शिकवता काय? आणि प्रत्येकाला प्रत्यक्ष उड्डाणाची मिनिटे किती? उत्तरे लेखी मागा. तोंडी आश्वासनावर कर्ज काढू नका.

थोडा हिशेब

समजा, एक फोमचे विमान, दोन रिमोट, केबल, चार बॅटऱ्या आणि चार्जर मिळून २०,००० रुपये खर्च आला. एकट्या कुटुंबाला ही रक्कम जड आहे. वीस कुटुंबांनी मिळून घेतले तर घरटी १,००० रुपये. एक बॅटरी दहा मिनिटे चालली असे धरले तर चार बॅटऱ्यांची ४० मिनिटे होतात. प्रत्येकाला पाच मिनिटे दिली तर एका रविवारी आठ मुलांचा नंबर लागतो, आणि तीन रविवारांत वीसही मुले होतात. विद्यार्थ्याचा रिमोट नवा किंवा महाग असण्याची गरज नाही. दांड्या नीट चालणारा आणि जोडणीची सोय असलेला जुना रिमोटही पुरतो, कारण विमानाशी बोलण्याचे काम त्याला करायचेच नसते.

शिक्षक कोठून आणायचा, असा प्रश्न राहतो. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात १९५० पासून मुले घडत आली आहेत आणि मॉडेल विमाने बनवणे व उडवणे हा त्यांच्या शिक्षणाचा भाग आहे. आपल्या ओळखीत असा कोणी जुना छात्र असेल तर त्याला गाठावे. ज्या शाळांत २०१६ नंतर अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या आहेत, तेथील विज्ञान शिक्षकांशी बोलावे. ज्या बहिणींनी ड्रोनचे प्रशिक्षण घेतले आहे, त्यांना वस्तीत बोलावून मुलांसमोर बसवावे. शिकवणारा कोणत्याही वयाचा असू द्या. त्याला उडवता येत असले पाहिजे आणि त्याच्यात सबुरी असली पाहिजे.

रविवारी मैदानावर मुलगे पुढे आणि मुली कडेला बघत उभ्या, असे होऊ देऊ नका. नंबराची वही ठेवा आणि वहीत एक मुलगा, एक मुलगी असा क्रम लावा. पाच मिनिटे म्हणजे पाचच मिनिटे, मग तो अध्यक्षांचा मुलगा असो की झाडूवाल्या मावशीची नात. कोणाचे विमान पडलेच, तर त्याच्याकडून भरपाई घेऊ नका; दुरुस्तीचा खर्च सर्वांच्या वर्गणीतून करा. एकदा भरपाई घेतली की दुसऱ्या रविवारी ते मूल येणार नाही, आणि त्याची आई त्याला येऊही देणार नाही.

ज्या कुटुंबांना या कामात उतरायचे आहे त्यांनी आधी मैदान, मग शिक्षक आणि शेवटी विमान, या क्रमाने जावे. दुकानात जाऊन आधी विमान आणणारे बहुधा एका रविवारात परत घरी बसतात. पावसाळ्याचे वारे ओसरले की आपल्याकडे सकाळच्या वेळी हवा शांत असते. आठच्या आत मैदानावर पोहोचलात तर मुलांना उन्हाचाही त्रास होणार नाही. वहीवर नावे लिहायला मात्र पावसाळा सरण्याची वाट पाहू नये.